लवू पेंडुरकराची शिसारी

लवू पेंडुरकराला लहानपणापासून कशाचीही शिसारी यायची. दुसऱ्याने उष्टावलेल्या तांब्याला तो तोंड लावत नसे. पंगतीत शेजारचा माणूस बोटं चाटायला लागला की हा पान तसंच टाकून उठे. सायीचा पापुद्रा ओठाला लागला तर दिवसभर थुंकत बसे. तुपाचं भांडं उघडलं की खोलीच्या बाहेर. त्याची आई राधाबाई वैतागून म्हणायची, "देवान ह्येका माणसाच्या जल्माक कित्या घातल्यान देवच जाणा. काचेच्या कपाटात ठेवक होयो हुतो."

अशा माणसाच्या वाट्याला धंदा आला तो खाज्याचा. मालवणजवळच्या कट्टा गावात, बाजारामागे पेंडुरकरांचं घर, आणि घराच्या मागच्या पडवीत तळणीची नि पाकाची अशा दोन चुली. बेसनाच्या कांड्या तळायच्या, आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळायच्या, वाळवायच्या आणि जत्रा असेल तिथे नेऊन विकायच्या. थोरला भाऊ बाबली तळणीला बसे. तो मोकळ्या स्वभावाचा, घामाघूम, उघडाबंब माणूस. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता पाठ खाजवायचा आणि त्याच हाताने खाजं तोलायचा. लवूला ते बघवत नसे. तेलाच्या वासाने त्याला मळमळे, म्हणून तो पाकाकडे असायचा. गूळ त्याला त्यातल्या त्यात स्वच्छ वाटायचा. उकळताना वर येणारा मळ तो झाऱ्याने काढून टाकी आणि पाक काचेसारखा लखलखीत होईपर्यंत ढवळत राही. पेंडुरकरांच्या खाज्याला नाव होतं ते या पाकामुळे, आणि हे बाबलीही चारचौघांत कबूल करायचा.

लवूचं लग्न वालावलच्या आकांक्षाशी झालं आणि वर्षाच्या आत तन्वी झाली. गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची. पण ते डोळे मधूनच भलतीकडे फिरत, माशीच्या मागे लागल्यासारखे. मग एका सकाळी, अजून दूधही प्यायली नव्हती तेव्हा, तिचं अंग ताठ झालं, ओठ निळे पडले आणि हातपाय झडायला लागले.

शेजारपाजार धावून आला. कोणीतरी ओरडलं, "फीट आसा, व्हाण हुंगया!" गोठ्यात गेलेलं एक म्हातारं तसंच धावत आलं आणि पायातली वहाण काढून त्याने पोरीच्या नाकाला लावली. वहाणेच्या तळाला ओलं शेण होतं. ते पोरीच्या वरच्या ओठाला लागलं. लवूने ते पाहिलं आणि त्याच्या पोटातलं सगळं वर आलं. पोरीला धरायचं सोडून तो पडवीच्या खांबाला टेकून ओकला. पोरगी सावध झाली ती वहाणेमुळेच, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. लवूने फडकं ओलं करून तिचा ओठ पुसला, पुन्हा पुसला, इतका पुसला की आकांक्षाने त्याचा हात धरला.

पुढची अडीच-तीन वर्षं अशीच गेली. औषधं झाली, औषधं बदलली. देवाला गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला. कोणी कपाळाला राख लावली, कोणी पोरीच्या तोंडात अंगाऱ्याचं पाणी घातलं. त्या पाण्यात तरंगणारा काळा केस लवूला दिसला आणि त्याने वाटी परसात भिरकावली, त्यावरून घरात महाभारत झालं. झटके थांबले नाहीत. सकाळी उठल्या उठल्या जास्त. चालताना तन्वी होडीत उभ्या राहिलेल्या माणसासारखी डुलायची. बोलणं दोन शब्दांपुढे जाईना. आणि बाबली मात्र प्रेमाने तिला रोज मांडीवर घेऊन खाज्याचा तुकडा चोखायला द्यायचा. म्हणायचा, "गूळ म्हंजे ताकद. खाल्ल्यार टवटवीत होता बघ." आणि खाल्ल्यावर ती थोडा वेळ बरी दिसायचीही, म्हणून कोणी काही बोलत नसे.

शेवटी आकांक्षाच म्हणाली, "आता गोव्याक जाव या. हयसरचे डॉक्टरच म्हणतत, थंय पोरांच्या मेंदवाचे डॉक्टर आसत." आणि ती उत्तराची वाट न बघता पिशवी भरायला लागली.

गोव्याच्या त्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. झटके उपाशीपोटी जास्त येतात का, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मग तन्वीला उपाशी ठेवून तिच्या पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं आणि त्याच वेळी रक्तही घेतलं. जनुकांच्या तपासणीसाठी नमुना बाहेर पाठवला. निकाल आल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"तुमच्याकडे खाडीला तर असते ना, माणसं पलीकडे नेणारी होडी?"

"आसा," लवू म्हणाला.

"समजा पलीकडच्या वाडीला तांदूळ पोचवायचाय. अलीकडच्या धक्क्यावर गोण्या रचून ठेवल्यात, पण होडीच फुटकी. तसं झालंय तन्वीचं. तिच्या रक्तात साखर भरपूर आहे. पण ती मेंदूत नेणारी होडीच जन्मतः अपुरी आहे. मणक्यातल्या पाण्यात साखर फार कमी निघाली. मेंदू साखरेवर चालतो, आणि तिच्या मेंदूला ती मिळत नाही."

लवू म्हणाला, "म्हणजे गूळ खाऊन पोर उपाशी?"

"मेंदू उपाशी, हो."

त्याची नजर आपल्या हातांकडे गेली. नखांच्या कडेला गुळाची तांबूस रेघ होती. ती कधीच जात नसे. त्याने हात टेबलाखाली घेतले.

बाईंनी पुढे सांगितलं ते असं. माणूस गोड, भात, भाकरी जवळजवळ खात नसेल आणि चरबी भरपूर खात असेल, तर यकृत त्या चरबीपासून दुसरं जळण बनवतं. त्याला कीटोन म्हणतात. त्याची होडी वेगळी, धक्का वेगळा. तो रस्ता तन्वीचा शाबूत आहे. मेंदूला त्या बाजूने जळण पोचवायचं. या आजारावर हाच खरा उपचार. पण तो वर्षानुवर्षं करावा लागतो आणि अर्धामुर्धा करून चालत नाही.

मग आल्या दीपिका मॅडम, आहाराचं बघणाऱ्या. तरुण, पण बोलायला खमक्या. त्यांनी तन्वीची पहिली वाटी समोर ठेवली. अंड्याचा बलक, लोणी, घट्ट साय आणि वर नारळातूनच पण वेगळं काढलेलं एक पाण्यासारखं पातळ तेल. सगळं एकत्र फेटलेलं. पिवळट, बुळबुळीत, कडेला तेलाचा तवंग. शेजारी बांगड्याचा एवढासा तुकडा, लोण्यात बुडालेला, आणि काकडीच्या दोन चकत्या.

"तन्वीचे बाबा, हे पथ्य नाही, औषध आहे," दीपिका मॅडम म्हणाल्या. "म्हणून सगळं वजन करून. वाटीला राहिलेलं तेलसुद्धा पुसून तिच्या पोटात गेलं पाहिजे. गोड सिरप बंद, गोळ्या द्यायच्या. टूथपेस्टसुद्धा मी सांगेन तीच. आणि घरात गुळाचं काम करता ना? मग तुमचे हात, कपडे, तिची खेळणी... मुलं सगळं तोंडात घालतात."

पहिला चमचा तन्वीने तोंडात घेतला, क्षणभर तसाच ठेवला आणि लवूच्या शर्टावर ओकला. कोमट, पिवळं, लोण्याच्या वासाचं. लवू खोलीतून बाहेर पडला तो थेट नळाकडे गेला. शर्ट काढून धुतला, छाती धुतली, आणि ओल्या अंगाने कॉरिडॉरमध्ये उभा राहिला. आत पोरगी रडत होती, आकांक्षा तिला गोंजारत होती. त्याला आत जाववेना. आपल्या पोटच्या पोरीचा आपल्याला किळस येतो, या विचाराचाच त्याला किळस येत होता.

पथ्य सुरू करून ते घरी आले. पण घरी आल्यावर तन्वीने तोंड घट्ट मिटायला सुरुवात केली. आकांक्षा गाणी म्हणे, चिमण्या दाखवी, दटावी. लवू शेजारी बसून "खा गो बाये, बरा आसा" म्हणत राही. एके सकाळी आकांक्षाने चमचा वाटीत टाकला आणि ती नवऱ्यावर उसळली.

"तुमी उठा हयसून. वाटी बघून तोंड वाकडा करतास आणि तिका सांगतास बरा आसा. तिका डोळे नाय? ती वाटीकडे नाय बघणा, तुमच्या तोंडाकडे बघता!"

लवू वरमला. खरंच, तन्वी त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिने वाटी बोटाने त्याच्याकडे ढकलली. "बाबा खा."

तिची वाटी मोजलेली, तिच्यातलं खाता येत नव्हतं. आकांक्षा उठली, तिने दुसऱ्या वाटीत अंडं फोडलं, लोणी घातलं, साय घातली, आपल्या घरचं खोबरेल ओतलं आणि ती वाटी नवऱ्यापुढे आदळली.

लवूने चमचा भरला. नाकाशी आणला. त्याने डोळे मिटले नाहीत, कारण पोरगी बघत होती. तोंडात घातल्यावर ते जिभेवर पसरलं, टाळूला चिकटलं, गिळलं तरी गेलं नाही. शेळ्यांच्या गोठ्यातून चालत गेल्यासारखा वास नाकात मागून वर चढला. त्याने दुसरा चमचा घेतला. कपाळावर घाम आला. ओठांवरून तेल हनुवटीवर आलं ते त्याने पुसलं नाही. "आता तू," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून कोणालाही वाटलं असतं की माणसाचा गळा कोणी दाबून धरलाय. तन्वीने तोंड उघडलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी त्या दोन वाट्या समोरासमोर येऊ लागल्या. लवू खाई, मग पोरगी खाई. तिचं संपेपर्यंत तो हलत नसे. संपलं की परसात जाऊन राखेने दात, जीभ घासून काढी, आणि तरी दुपारपर्यंत ढेकर येई तो तेलाचाच.

आणि फरक पडला. लघवीत बुडवायची पट्टी जांभळी व्हायला लागली, म्हणजे शरीर नवं जळण बनवत होतं. झटके विरळ झाले आणि पावसाळा सरता सरता जवळजवळ थांबले. सकाळी मलूल पडून राहणारी पोरगी उठून कोंबड्यांच्या मागे धावायला लागली. डुलायची अजून, पण पडत नसे. एक दिवस तिने अख्खं वाक्य म्हटलं, "बाबा, तुज्या दाढयेक तेल लागला." आकांक्षा हसता हसता रडली.

पण त्याच काळात लवूच्या मनातून गूळ उतरला. आधी न दिसलेलं दिसायला लागलं. ढेपेवर चढलेल्या माश्या. पाकात पडून मेलेली गांधीलमाशी. बाबलीच्या काखेतून निथळणारा घाम. भिंतीला, कडीला, दाराला, तन्वीच्या खेळण्यांना, सगळीकडे चिकट बोटं. एका जागी हात टेकला की सुटताना चर्र आवाज यायचा आणि त्याच्या अंगावर शहारा उठे. तो दिवसातून कितीदा हात धुई याला सुमार राहिला नाही. पाक ढवळताना त्याने तोंडाला फडकं बांधायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं बघत. बाबली म्हणाला, "अरे, मयतीक जातस की काय?" लवूने फडकं आणखी आवळलं.

मग काय झालं कोण जाणे, पट्टी फिकी पडू लागली. जांभळ्याची गुलाबी झाली. लवूने तेल पुन्हा मोजलं, काटा पारखून घेतला, पट्ट्यांची दुसरी डबी आणली. आकांक्षावर चिडला, मग स्वतःवर चिडला. दीपिका मॅडम फोनवर म्हणाल्या, "कुठून तरी गोड जातंय. घरात नीट बघा." लवूने तन्वीचं अंथरूण झाडलं, तिच्या फ्रॉकचे खिसे उलटे केले, अंगण झाडून काढलं. काही सापडलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास, सकाळच्या उन्हात, अंगणात खाजं वाळत घातलं होतं आणि तन्वी तिथेच पडली. अंग ताठ, डोळे वर. लवू धावला. दीपिका मॅडमनी शिकवल्याप्रमाणे त्याने तिला कुशीवर वळवलं आणि हाताचा आधार दिला. तोंडात काही घालायला गेला नाही. तिच्या गालातून लाळ ओघळली. लाळ तांबडी होती, त्यात बेसनाचा चघळलेला लगदा होता, आणि आल्याचा वास त्याच्या नाकात गेला. त्याने स्वतः ढवळलेल्या पाकाचा वास तो.

तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून एक हात आला. हातात वहाण होती. बाबलीची.

लवूने तो हात असा झटकला की वहाण वाळत घातलेल्या खाज्यात जाऊन पडली. आकांक्षाने नाकात मारायचं औषध आणलं, मारलं. थोड्या वेळाने अंग सैल झालं. पोरगी झोपेत गेल्यासारखी पडली. रिक्षा आली, आकांक्षा तिला घेऊन बसली. एक पाय रिक्षात असताना लवू मागे वळला.

"दादा, तिका खाजा कोणी दिल्यान?"

"मिया दिलंय," बाबली म्हणाला. "एक तुकडो दिलंय, वीख नाय दिलंय."

"आजच?"

बाबली खाज्यात पडलेली वहाण उचलायला वाकला. राधाबाई दारात उभी होती. तीच बोलली, "रोज देता तो. न्हाणयेच्या मागे नेवन. माकाय म्हायत होता रे. पोर मागता, जीव रवणा नाय."

लवू रिक्षात बसला. रिक्षा गेली. दवाखान्यातून संध्याकाळी सगळे परत आले, तन्वी बरी होती. तिला निजवून लवू पडवीत गेला. बाबली तळणीला बसलाच होता, कारण जत्रेचा माल राहिला होता.

"सांग," लवू म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले ता तुका मिया सांगलंय. पट्टी दाखयलंय. तरी कित्या दिलंस?"

बाबलीने झारा कढईवर आपटला. "लोकांची तोंडा खंय धरू? जत्रेत माका इचारतत, तुमच्या खाज्यात काय आसा रे बाबली, घरच्या चेडवाक देणत नाय ता? खाजेवाल्याच्या घरातला पोर आणि खाज्याक तोंड लावणा नाय! आणि तुमी तिका काय घालतास? तेल! दिव्यात घालतत ता पोराच्या नरड्यात ओततास. ता बघून माका ओकारी येता रे!"

"माकाय येता," लवू म्हणाला. "रोज येता. तरी रोज खातंय."

"तुका आमच्या धंद्याची शिसारी ईली, ता सांग की सरळ."

लवूने भावाकडे पाहिलं. पोटावर बेसन, मानेवर घामाची रेघ, बोटं तेलाने चकाकणारी. याच बोटांनी न्हाणीच्या मागे, लपून, चोरासारखं. प्रेमाने केलं असेल, पण त्याच माणसाने अंगणात पुन्हा वहाणही आणली होती. एवढं सगळं होऊनही वहाण.

"होय, ईली," तो म्हणाला. "धंद्याची ईली. आणि तुजी पण ईली."

दिवाळीच्या आत लवूने घर सोडलं. मालवणात, मेढा भागात, दोन खोल्या घेतल्या आणि बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला. मासेमारीच्या होड्यांना बर्फ पुरवायचा, लाद्या काढायच्या, फोडायच्या, क्रेटात भरायच्या. हात बधिर व्हायचे, पण लवूला काम आवडलं. बर्फाला वास नसतो. कुठे चिकटत नाही. हातातून निसटला की पाणी होतो आणि मागे काही उरत नाही.

पण एका गोष्टीची धास्ती त्याला बसली होती. तन्वी आता शेजारी, बालवाडीत, समुद्रावर कोणाकोणाच्या हातून काहीही खाऊ शकत होती. प्रत्येकाच्या मागे कुठे धावणार? मग त्याने ठरवलं, पोरीलाच शिकवायचं. बाजारातून जाताना मिठाईचं दुकान आलं की तो नाक धरी. "शी! घाण." गुळाची ढेप दिसली की "शी! माशी बसता तेच्यार." खाज्याची पाटी दिसली की तोंड असं वेडंवाकडं करी की तन्वी खिदळायची आणि मग तीही करायची. "शी! घाण!" आकांक्षा म्हणायची, "पुरे हां. देवाचा पण नैवेद्य असता." पण लवूने सोडलं नाही. पोरगी पक्की झाली. बालवाडीत कोणाच्या वाढदिवसाला चॉकलेट आलं तर ही नाक धरून मागे सरायची. शिक्षिका कौतुक करायच्या. पट्टी जांभळीच्या जांभळी.

पुढच्या चतुर्थीला मूळ घरी जावं लागलं. गणपती सगळ्यांचा एकच. आकांक्षा म्हणाली, "देवाक तरी वेगळो करू नकात." लवू गेला. तन्वीचा डबा बरोबर होता, त्यामुळे जेवणाची चिंता नव्हती. बाबली दारातच उभा होता. नुकतीच आंघोळ केलेला, स्वच्छ धोतर, कपाळाला गंध. त्याच्या हातात काही नव्हतं. त्याने दोन्ही हात पुढे केले, तळवे उघडे, रिकामे दाखवल्यासारखे.

"ये गो बाये. आरतेक येतस?"

तन्वीने त्याच्या हाताकडे बघितलं. मग नाक धरलं, मागे सरली आणि सगळ्या माणसांत मोठ्याने म्हणाली, "शी! काकाचो हात घाण!"

ओटीवर कोणीतरी हसायला गेलं आणि थांबलं. बाबली आपल्याच तळव्याकडे बघत राहिला, तिथे खरंच काही लागलंय की काय तसा. त्याने हात हळूच धोतराला पुसला आणि मागे घेतला.

या क्षणाची लवूने कधी मनात चव घेतली नव्हती असं नाही. भावाला चारचौघांत हे कळावं असं त्याला वाटलं होतं. पण आता तन्वीचं आक्रसलेलं नाक, वाकडे झालेले ओठ, ते बारकं तोंड त्याने बघितलं, आणि ते तोंड त्याचंच होतं. पाच वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर त्याचा चेहरा बसवलेला. त्याला स्वतःचीच शिसारी आली, अशी की बाबलीची कधी आली नव्हती.

गणपतीपुढच्या ताटात खाजं होतं. लवू पुढे गेला.

"दादा, माका एक तुकडो दी."

"घे की ताटातलो."

"तुज्या हातान दी."

बाबलीने त्याच्याकडे संशयाने बघितलं, मग तुकडा उचलून दिला. लवूने तो तोंडात टाकला. वर्षभरात गुळाचा कण त्याच्या जिभेला लागला नव्हता. ते इतकं गोड होतं की दाढा शिवशिवल्या, कानशिलं तापली. पाक कच्चा राहिला होता, दाताला चिकटत होता. बाबलीच्या हाताला गंधाचा वास होता, तो खाज्याला लागला होता. लवू चावत राहिला. पोरगी आ वासून बघत होती.

"बघ," तो तन्वीला म्हणाला, "हो काकान केलेलो. माका चलता, तुज्या आयेक चलता, सगळ्यांका चलता. तुज्या मेंदवाक चलणा नाय, म्हणान तुका देणत नाय. पण तो घाण नाय. मिया तुका चुकीचा शिकयलंय. काकाचो हात घाण नाय. धर."

तन्वीने बापाकडे बघितलं, काकाकडे बघितलं. तिला ते सगळं पटलं असावं असं नाही. तिने हात पुढे केला आणि काकाचं एकच बोट धरलं, करंगळी, तीही दोन बोटांच्या चिमटीत. बाबली वाकून तसाच तिच्याबरोबर आरतीला गेला.

लवू परसात जाऊन फणसाखाली भडाभडा ओकला. मागे पावलं वाजली. बाबली तांब्या घेऊन आला होता. लवूने तांब्या घेतला आणि तोंड न लावता वरून पाणी ओतून चूळ भरली.

"अजून तसोच आसस," बाबली म्हणाला.

"पाक कच्चो आसा तुजो."

"तू नाय तर कोण बघतलो?"

लवूने तोंड पुसलं. "परत तिका काय दिलंस तर तुज्या दारात पाय ठेवचंय नाय."

"नाय देवचंय," बाबली म्हणाला, आणि थोडं थांबून, "व्हाणय नाय लावचंय."

एवढंच बोलणं झालं. दोघांत पूर्वीसारखं काही जमलं नाही. लवू पुन्हा पाकाला गेला नाही. बाबलीकडे जेवायला बसला की त्याचे डोळे अजून भावाच्या नखांकडे जातात, आणि बाबलीलाही ते कळतं.

तन्वी आता दुसरीत आहे. वाचते हळू, गणितात अडते, ताप आला की आईबाप रात्रंदिवस धास्तावतात. पण ती पळते, भांडते, आणि तिच्या डब्याला हसणाऱ्यांना फटकारते. अजून बरीच वर्षं असंच खायचं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. लवूची सकाळची वाटीही चालूच आहे. लोक म्हणतात सवय होते. लवूला झाली नाही. रोज पहिल्या चमच्याला त्याच्या अंगावर काटा येतो.

गेल्या खेपेला गोव्याला तपासणीला गेले तेव्हा वॉर्डात इन्सुली गावचं, नव्यानेच आलेलं एक जोडपं होतं. त्यांचा लहानगा तोंड मिटून बसला होता, आई रडकुंडीला आली होती, बाप खिडकीबाहेर बघत होता. लवू काही बोलणार तोच तन्वी त्या खाटेवर चढून बसली. तिने वाटीत डोकावून बघितलं, नाक मुरडलं आणि त्या पोराला सांगितलं, "वाईट लागता. लय वाईट लागता. नाक धर आणि गीळ, मगे माज्याबरोबर खेळूक ये."

पोराने तिच्याकडे बघत तोंड उघडलं. वॉर्डात लोण्याचा, फिनाईलचा आणि कोणाच्या तरी ओकारीचा वास भरला होता. लवूने नाकावर रुमाल धरला आणि तो तिथेच उभा राहिला.